न झालेल्या कुस्तीचा निकाल

काही कुस्त्या हौद्यात होतात आणि काही ओसरीवर. हौद्यातली कुस्ती घटकाभरात निकालात निघते. ओसरीवरची मात्र वर्षानुवर्षे चालते आणि तिला पंचही मिळत नाही. आमच्या घरच्या अशाच एका कुस्तीचे पंच होण्याचा प्रसंग माझ्यावर आला. त्यासाठी मला एका थोर मल्लाचे चरित्र मुळापासून वाचावे लागले. ते चरित्र सांगावे आणि सांगता सांगता आमच्या ओसरीवरचा निकालही वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिव शहरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली होती. आमचे गाव भूम तालुक्यात. आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, वय त्र्याऐंशी. गुडघे कुरकुरतात, पण कुस्तीचा फड म्हटला की त्यांना काठीचीही आठवण राहत नाही. दादा, आबा आणि मी असे तिघे एस.टी.ने धाराशिवला गेलो. शेवटच्या कुस्तीत शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरवून गदा पटकावली. हलगी थांबली, गर्दी पांगली आणि परतीच्या गाडीत खरी कुस्ती सुरू झाली.

आबांचे म्हणणे असे की खाशाबा जाधवांसारखा मल्ल पुन्हा होणे नाही. दादाचे म्हणणे असे की जुन्या माणसांना जुनेच सोने वाटते. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे जर खाशाबांपुढे उभा राहिला असता, तर खाशाबा दोन मिनिटेही टिकले नसते. आबांनी खिडकीकडे तोंड फिरवले ते गाव येईपर्यंत. नंतर आठ दिवस दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोलत होते.

ही जोड दादाने उगीच लावली नव्हती. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५७ किलो वजनगटात. राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले तेही ५७ किलोतच. आणि आमचा दादाही त्याच वजनाचा. तराजूवर तिघे सारखे. मध्ये फक्त काळ उभा.

परंतु भांडणाचे मूळ त्याहून खोल होते. दादाला पुण्याच्या एखाद्या चांगल्या तालमीत पाठवावे आणि त्यासाठी विहिरीकडचे अर्धा एकर रान विकावे, असे आबांनी मनात घेतले होते. दादा तयार नव्हता. घरात दोन म्हशी आहेत, पण त्यांचे दूध खव्याच्या भट्टीवर जाते, कारण त्या पैशावर घर चालते. पैलवानाच्या खुराकाला त्यातले किती उरणार? एका निवड चाचणीत दादा हरून आला होता. तेव्हापासून त्याने तालमीचे नाव टाकले होते आणि पोलीस भरतीची पुस्तके आणली होती. खाशाबा मोठे की राहुल मोठा, हा वाद म्हणजे रान विकायचे की नाही, याच वादाने बांधलेला फेटा होता. शेवटी आबांनीच तोड काढली. घरात कॉलेजला जाणारी मी एकटी. मी दोघांचा अभ्यास करून निकाल द्यावा आणि तो दोघांनी मुकाट मानावा. मी तीन आठवडे वाचत राहिले.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील स्वतः मल्ल होते. त्यामुळे चालता येऊ लागल्यापासून माती अंगाला लागली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याच्या कामी हा शाळकरी मुलगाही होता. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेली कुस्तीची पंढरी. तेथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या हाताखाली त्यांची तयारी झाली.

अंगलट लहान, उंची बेताची. कॉलेजच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर हा किरकोळ मुलगा काय लढणार म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना परत पाठवले, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि त्या किरकोळ मुलाने एकामागून एक थोराड गडी चीत केले. डोके बगलेत धरून गड्याला उचलून फेकायचे, हा ढाक डाव त्यांचा हुकमी होता. शक्तीपेक्षा चपळाई अधिक, हीच त्यांची ओळख पुढे जगभर झाली.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बावीस वर्षांच्या या मल्लाचे सारे शिक्षण मातीवर झाले होते. लंडनला त्यांच्यासमोर आली ती मॅट. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीत दमाला महत्त्व, मॅटवर वेगाला. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाने तेथे त्यांना थोडेबहुत शिकवले. एवढ्या शिदोरीवर खाशाबांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून हार पत्करून सहावे स्थान मिळवले.

तो १९४८ चा श्रावण आमच्या भागात मात्र वेगळाच होता. धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या भयाने माणसे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे बार्शीच्या बाजूला जात होती. आबा तेव्हा आठ वर्षांचे. आईच्या कडेवर धाकटे भावंड आणि हाताला ते, असे रात्रीचे चालत गेलेले त्यांना आठवते. एक मराठी मल्ल लंडनला लढत असल्याची वार्ता आमच्या गावात कोणाला कळणार? सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला आणि मग जत्रांचे फड पुन्हा भरू लागले. त्या फडांत सातारा-कोल्हापूरकडचे पैलवान येत आणि त्यांच्या तोंडून आबांनी खाशाबांचे नाव पहिल्यांदा ऐकले. म्हणून त्यांच्या लेखी खाशाबा म्हणजे केवळ मल्ल नव्हेत. भयाची रात्र सरल्यावर ऐकू आलेली ती पहिली हलगी आहे.

पुढची चार वर्षे खाशाबांनी एकच ध्यास घेतला. वजनगट बदलून ते ५७ किलोत आले. परंतु १९५२ च्या निवडीच्या वेळी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आले. हा अन्याय आहे, असे खाशाबांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवून आपले स्थान मिळवले.

स्थान मिळाले, पण पैसे नव्हते. खाशाबा आणि त्यांचे घरचे लोक दारोदार फिरले. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, दुकानदारांनी हातभार लावला. सरकारकडून आलेली रक्कम पुरेशी नव्हती. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी घरावर कर्ज काढणारा प्राचार्य! महाविद्यालयाच्या वार्षिकांकात ही गोष्ट नोंदवताना माझी लेखणी क्षणभर थांबली.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाचा पॉलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्टो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ही झुंज पंधरा मिनिटे चालली आणि खाशाबा थोडक्यात हरले. याच इशीने पुढे सुवर्णपदक मिळवले. त्या ऑलिंपिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्ण. अंगावरचा घाम वाळण्याच्या आत खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयॉव्हशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता, परंतु तो नियम पंचांना दाखवून देईल असा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेसने टेनिसमध्ये आणले. कुस्तीतले दुसरे पदक तर २००८ साली सुशील कुमारने मिळवले.

गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांचा रस्ता कापायला त्या दिवशी कितीतरी तास लागले. हा प्रसंग आबांनी आम्हांला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितला आहे की त्यातल्या बैलांच्या शिंगांचे रंगही मला पाठ आहेत. परंतु त्या मिरवणुकीनंतर खाशाबांनी काय केले, ते आबांनी कधी सांगितले नव्हते. कदाचित त्यांनाही ठाऊक नसावे. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांतून पैसे उभे केले आणि सर्वांत आधी प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या ऑलिंपिकला मुकले. सत्तावीस वर्षे नोकरी केली. बढती मिळता मिळता आयुष्य सरले आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, एवढाच काय तो सन्मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे अठ्ठावन्न. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. जिवंतपणी ज्याच्यासाठी अर्धा तास कोणी मागितला नाही, त्याच्या नावाची अक्षरे भिंतीवर कोरली गेली.

आता दुसऱ्या बाजूचा मल्ल. राहुल आवारेचे पहिले वस्ताद त्याचे वडीलच. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्याला घडवले आणि त्यांच्या निधनानंतर काका पवारांनी. म्हणजे तोही मूळचा मातीचाच, परंतु मॅट त्याला कोवळ्या वयात मिळाली. २०१८ चे सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेतील ६१ किलो गटातील कांस्य, ही त्याची कमाई. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक म्हणून नेमणूकही. ऑलिंपिकच्या मॅटवर उतरण्याचे मात्र त्याच्या नशिबी आले नाही.

आता कुस्ती लावू या. जेथे लावाल, तेथला निकाल वेगळा, हे मला प्रथम उमगले.

आजच्या मॅटवर आजच्या नियमांनी लावली तर कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये तीस सेकंद. पट काढून खाली आणले की दोन गुण, रिंगणाबाहेर रेटले की एक, दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. राहुल या घड्याळाबरोबर वाढलेला आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कुस्त्यांच्या चित्रफिती पाहून तो तयारी करतो, आहारतज्ज्ञ आणि दुखापती पाहणारे वैद्य त्याच्या दिमतीला असतात. खाशाबा जरा अंदाज घेईपर्यंत राहुल एकेरी पटावर दोनदा गुण घेऊन मोकळा होईल. मग खाशाबा एकदा तरी ढाक लावतील आणि त्या एका फेकीचे चार गुण आजच्या पंचांनाही द्यावे लागतील. तरी माझ्या मते कुस्ती आठ विरुद्ध चार अशी राहुल जिंकेल. दोन मिनिटांत मात्र नव्हे; पूर्ण सहा मिनिटे खेळून.

हेलसिंकीच्या नियमांनी लावली तर कुस्ती पंधरा मिनिटांची आणि चीत न झाल्यास तीन पंचांच्या मतांवर. पहिली सहा मिनिटे राहुलची. परंतु आजच्या मल्लाचा दम सहा मिनिटांच्या मापाने बांधलेला असतो आणि खाशाबांचा दम जत्रेतल्या लांबलेल्या कुस्त्यांवर. दहाव्या मिनिटानंतर खाशाबा वर येतील आणि दोन विरुद्ध एक मतांनी जिंकतील. लाल मातीच्या हौद्यात, घड्याळाशिवाय, निकाली कुस्ती लावली तर मी खाशाबांच्या बाजूने नारळ ठेवीन, परंतु अंधार पडेपर्यंत हलगी वाजत राहील हे नक्की.

एका रात्री जेवणे झाल्यावर मी हा सारा निकाल वाचून दाखवला. आधी आयुष्य आणि मग कुस्ती, अशा क्रमाने. राहुल मॅटवर जिंकतो म्हटल्यावर आबा रागावतील अशी मला भीती होती. तसे झाले नाही. त्यांचे लक्ष कुस्तीकडे नव्हतेच. त्यांनी मला खर्डेकरांच्या घराचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग निवृत्तिवेतनाचा. मिरवणुकीच्या पुढचे आयुष्य त्यांनी त्या रात्री पहिल्यांदाच ऐकले असावे. ऑलिंपिकचे पदक आणणारा माणूस फौजदारीपासून सुरू करतो आणि म्हातारपणी कागद घेऊन हेलपाटे घालतो, हे त्यांना पटवून घ्यायला वेळ लागला.

दादाही गप्प होता. त्याला हरण्याची भीती नव्हती, हे मला त्या रात्री कळले. विकलेल्या रानाची भीती होती. हरून परत आलो तर त्या बांधावर कोणत्या तोंडाने उभा राहू, हा त्याचा प्रश्न होता आणि तो त्याने राहुल आवारेच्या नावाने आबांच्या अंगावर टाकला होता. जिंकलेल्या खाशाबांनीही आधी दुसऱ्याचे गहाण घर सोडवले, हे ऐकल्यावर त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

मला शेवटी एवढेच म्हणायचे होते की माझा निकाल दोन मल्लांचा नाही, दोन काळांचा आहे. राहुलला जे मिळाले त्यातले थोडे जरी खाशाबांना मिळाले असते, एक मॅट, एक जाणता माणूस सोबतीला, नियमाचा अर्धा तास, तर १९५२ च्या पदकाचा रंग कदाचित वेगळा असता. हरले ते खाशाबा नव्हेत; त्या दिवशी त्यांच्या कोपऱ्यात उभे राहायला कोणी नव्हते, म्हणजे हरलो आपण. त्यामुळे मल्लाचे घर पणाला लागू नये एवढी व्यवस्था त्याच्या भोवतालच्या माणसांनी करायची असते. एकट्या म्हाताऱ्याने रान विकून ती होत नाही आणि मुलाने तालीम सोडूनही होत नाही.

एवढे सगळे मी बोलले नाही. लिहिलेला कागद संपला तसा मी कंदिलाची वात बारीक केली, कारण त्या रात्री आमच्याकडे वीज नव्हती. आबा उठले, भिंतीला धरून आत गेले. ट्रंकेचे कुलूप वाजले. विक्रीसाठी बाहेर काढून ठेवलेला सातबारा त्यांनी घडी करून परत आत ठेवला, हे सकाळी आईने सांगितले.

रान अजून आमचेच आहे. दादा पोलीस भरतीचा अभ्यास करतो आहे. संध्याकाळी मात्र तो लंगोट घेऊन गावच्या तालमीत जातो आणि आईने ठरवून दिल्याप्रमाणे एका म्हशीचे एका वेळचे दूध आता भट्टीवर जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने ५७ किलोतच कांस्यपदक मिळवले, तेव्हा आम्ही सारे टीव्हीपुढे होतो. त्याच वजनात २०२१ साली टोकियोला रविकुमार दहियाने रौप्य मिळवले होते. आबांनी दादाकडे पाहिले आणि त्याचे वजन सध्या किती आहे, ते विचारले. दादाने सांगितले, अठ्ठावन्न. आबा म्हणाले की एक किलो काही फार नाही.

— एक विद्यार्थिनी, बी.ए. तृतीय वर्ष